बारमधली पाण्याची झारी

मी एक जुनी झारी आहे. चिनी मातीची, एके काळी पांढरीशुभ्र, आता थोडी पिवळट पडलेली. मित्रांनो, मी जिथे राहते तिथे तुम्हाला यायला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. मी एका बारमध्ये राहते. पण लगेच नाक मुरडू नका. माझ्या पोटात आजवर पाण्याशिवाय दुसरे काही गेलेले नाही. त्या जागेत कायम शुद्धीवर असते ती मी एकटीच, तेव्हा माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

माझा जन्म भट्टीतला. माझ्या बरोबरीच्या झाऱ्या सरळ, देखण्या निघाल्या. माझी तोटी मात्र आचेने जराशी डावीकडे कलली आणि तिचे तोंड आकसले. कारागिराने मला उलटसुलट करून पाहिले आणि 'ही कोण घेणार' असे पुटपुटत खोटीच्या मालात टाकून दिले. तिथून मला ताईने उचलले. ताई म्हणजे आमच्या मालकांची थोरली बहीण. बार दोघे भावंडे मिळून चालवतात.

आमचा बार टायरच्या दुकानामागे, पायऱ्या उतरून खाली आहे. पाटीवरचा अर्धा दिवा गेलेला आहे. खुर्च्यांच्या फाटक्या गाद्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या आहेत आणि संडासाचे दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही. नवा माणूस डोकावतो आणि पत्ता चुकला असे समजून बहुधा परत फिरतो. जो आत येतो तो मात्र वर बघून तसाच उभा राहतो, कारण समोरच्या भिंतीवर थेट छतापर्यंत व्हिस्कीच्या बाटल्या आहेत. बाजूला बिअरच्या नळांची रांग आहे आणि त्यांची पिंपे तळघरात आहेत. बिअर ताईच्या ताब्यात, व्हिस्की मालकांच्या.

या व्हिस्कीची ख्याती होती ती मालकांच्या नाकामुळे. नवी बाटली आली की मालक ती सगळ्यांदेखत उघडत, थोडी ग्लासात ओतत आणि माझ्या तोटीतून त्यात एक थेंब पाणी सोडत. थेंबाने वास मोकळा होतो म्हणतात. मग ते डोळे मिटून वास घेत आणि जे आठवेल ते एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या गळ्यात बांधत. 'पावसात भिजलेला लोकरीचा कोट.' 'शेकोटी, दुसऱ्या दिवशी सकाळी.' 'आजोळच्या माळ्यावरची पेटी.' लोक लांबून यायचे ते या चिठ्ठ्या वाचायला. या कामात थेंब म्हणजे थेंबच पडावा लागतो, धार चालत नाही, आणि ते माझ्या आकसलेल्या तोटीइतके कुणालाच जमत नसे. ज्या खोटीपायी मला टाकले होते तिचेच कौतुक होऊ लागले. मी थोडी फुशारले होते, खोटे कशाला बोलू?

एकदा एक गिऱ्हाईक हातवारे करत गोष्ट सांगत होते. त्याचा हात लागला आणि माझी मूठ तुटली. नवी झारी आणू, असे सगळे म्हणाले. मालकांनी मला उचलून पाहिले. "पाणी धरते ना? मग राहू दे," ते म्हणाले. ताईने मूठ चिकटवली, पण ती पुन्हा निखळली आणि कायमची गेली. तेव्हापासून मला पोटाशी धरून उचलतात.

मालक नेहमी म्हणायचे, "ज्या दिवशी हे नाक दगा देईल, त्या दिवशी दाराला कुलूप." लोक हसायचे. मग एका हिवाळ्यात मालकांना मोठा ताप आला. ताप गेला, खोकला गेला, पण त्यांना वास येईनासा झाला तो झालाच.

त्यांनी हे कुणालाच सांगितले नाही. मला कळले, कारण रोज सकाळी ते माझ्यातल्या पाण्याचा वास घेत आणि शिळे वाटले तर ओतून टाकत. आता ते मला नाकाशी धरून बराच वेळ उभे राहत आणि पाणी शिळे असले तरी तसेच खाली ठेवत. नव्या बाटल्या बिनचिठ्ठीच्याच फळीवर जाऊ लागल्या. कुणी विचारले तर "मुरू दे अजून" असे सांगत. बाटलीत व्हिस्की मुरत नाही, हे त्या भिंतीलासुद्धा माहीत होते. एके दिवशी त्यांनी ड्रॉवरमधले जुने कुलूप काढले आणि त्यात तेल सोडले. मित्रांनो, ते दारासाठीच आहे, हे मी ओळखले.

त्याच सुमारास एक घटना घडली. ताईने मला उग्र वासाच्या साबणपुडीने घासले आणि विसळलेच नाही. तसेच पाणी भरून मला मालकांसमोर ठेवले. माझा वास खोलीभर सुटला होता. मालकांनी मला नाकाशी नेले, मान डोलावली आणि काउंटरवर ठेवले. ताई पुढे येणार तोच तळघरातले पिंप गळू लागले म्हणून ती खाली धावली. तेवढ्यात रोजचे गिऱ्हाईक असलेला शिंपी आला. त्याने माझ्यातले पाणी आपल्या व्हिस्कीत सोडले, एक घोट घेतला आणि थबकला. त्याने मालकांकडे पाहिले. मग तोंड वाकडे न करता सगळा ग्लास संपवला.

शेजारी बसणाऱ्या नर्सबाईंना त्याने सगळे सांगितले आणि दुसऱ्या दिवसापासून दोघे मोठमोठ्याने वास सांगू लागले. "यात बुवा सफरचंदाची साल आहे," शिंपी म्हणे. "आणि पॉलिश," नर्सबाई म्हणत. मालक हो हो करत. मालकांना चिठ्ठी लिहिता यावी म्हणून चाललेला हा सगळा खटाटोप होता. मला तो खेळ गोड वाटे आणि वाईटही वाटे.

मग एका संध्याकाळी एक पाहुण्या बाई आल्या. त्यांची दुसऱ्या गावात बेकरी होती. त्यांनी खुर्ची ओढून फळीवरच्या चिठ्ठ्या एकेक वाचल्या, काही वाचून हसल्या, आणि मग एका बाटलीवर बोट ठेवले.

"हिच्या गळ्यात काही नाही?"

"नाही," मालक म्हणाले.

"मग हीच द्या. चिठ्ठी लिहिताना मला बघायचंय. त्यासाठीच एवढ्या लांब आलेय."

मालकांनी बाटली उघडली. माझ्यातून एक थेंब सोडला. त्यांनी डोळे मिटले.

"मला तर बुवा याला..." शिंप्याने सुरुवात केली.

"तू गप्प बस जरा," मालक म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "बाई, मला वास येत नाही. तापात गेला तो गेलाच. हे दोघं सांगतात आणि मी मान हलवतो. पुरे झालं नाटक. उद्यापासून बंद करतोय मी हे."

"आम्हाला माहीत आहे," शिंपी म्हणाला. "मी इथं साबण प्यायलोय."

"साबण?"

"मीच ठेवला होता," ताई तळघराच्या जिन्यातून म्हणाली. तिचे हात ओले होते. "मला खात्री करायची होती. याला पाजायचा नव्हता."

"म्हणजे मुद्दाम?" शिंपी म्हणाला.

"मग बोलली का नाहीस?" मालकांनी विचारले.

"तू का नाही बोललास?"

पाहुण्या बाईंनी मधल्या वेळात ग्लास स्वतःकडे ओढला होता. "वास मला येतोय," त्या हळूच म्हणाल्या, "पण सांगता येत नाही. काहीतरी जळकं आहे."

"जळकं म्हणजे? लाकूड, कागद की कापड?" मालकांच्या तोंडून सवयीने गेले.

"लाकूड... नाही. पाव. खालून करपलेला."

"गरम की गार?"

"गरम. आत्ता काढलेला."

"आणि मागे काय राहतं?"

नर्सबाईंनी ग्लास घेतला. "गोड. पण औषधाचा गोडपणा."

"मोठ्यांचं की लहान मुलांचं?"

"लहान मुलांचं. खोकल्याचं."

"मला इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा येतोय," शिंपी म्हणाला.

"तुला सगळ्यालाच येतो," मालक म्हणाले आणि त्या हिवाळ्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिले. ते विचारत राहिले, बाकीचे हुंगत आणि आठवत राहिले. शेवटी त्यांनी चिठ्ठी लिहिली: 'आजारी मुलासाठी घाईत भाजलेला पाव.' पाहुण्या बाईंनी ती वाचली आणि पुन्हा एकदा ग्लास नाकाशी नेला.

"असा पाव मी भाजलाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी चिठ्ठी स्वतःच बाटलीच्या गळ्यात बांधली.

"पण नाक नाही माझ्याकडे, ताई," मालक म्हणाले.

ताईने मला पोटाशी धरून उचलले आणि त्यांच्यासमोर ठेवले. "हिला मूठ कुठंय? पाणी धरते ना? मग राहू दे." आणि तिने ते तेल सोडलेले कुलूप परत ड्रॉवरमध्ये टाकले.

आता सगळ्या बाटल्यांच्या गळ्यात चिठ्ठ्या आहेत. मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. जुन्या भांड्याला खोट आली म्हणून ते लगेच फेकू नका. घरातले कुणी गप्प झाले तर साबण लावून परीक्षा घेऊ नका, जवळ बसून विचारा. आणि झारी घासलीत तर कृपा करून नीट विसळा. शिंपी अजून माझे पाणी हुंगल्याशिवाय घेत नाही.

रोज सकाळी मालक मला अजूनही नाकाशी धरतात. ताई शेजारी थांबते.

"काही?" ती विचारते.

"नाही."

मग ती मला त्यांच्या हातातून घेते आणि स्वतः वास घेते. "ताजं आहे," ती सांगते, आणि मालक दार उघडायला जातात.