वीस फुटांवरचे रोडगे

संकटकाळात माणसं एकमेकांच्या अधिक जवळ येतात, याला इतिहास साक्षी आहे. ‘वर्धा जिल्हा फिरतं घर मित्रमंडळा’च्या पहिल्या स्नेहमेळाव्याची नियमावली संस्थापक-अध्यक्ष बंडोपंतांनी याच वाक्याने सुरू केली होती. कोणीही कोणाच्या वीस फुटांच्या आत येऊ नये, हे दुसरं वाक्य होतं.

मंडळात सभासद तीन होते आणि वाहनंही तीनच. बंडोपंतांचं फिरतं घर म्हणजे बंद पडलेल्या एका कॉन्व्हेंट शाळेची पिवळी व्हॅन. तिच्यात पलंग होता, गॅसची शेगडी होती आणि यशोदाबाईंनी शिवलेले पडदे होते. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या बाबारावांनी लिलावात जुनी रुग्णवाहिका घेतली होती. तिच्यावरचा लाल क्रॉस त्यांनी दोनदा रंग मारून झाकला, तरी उन्हात तो पुन्हा वर येई. तिसरे गजेंद्र. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. लग्नं पन्नास माणसांवर आल्यापासून त्यांनी सामानाच्या टेम्पोतच बिऱ्हाड थाटलं होतं आणि बसायला आत नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या ठेवल्या होत्या.

मेळाव्याचा खरा हेतू नियमावलीत लिहिलेला नव्हता. बंडोपंतांच्या मुलीला, स्वरदाला, पुण्यात जूनमध्ये मुलगी झाली होती. त्या नातीने आजोबांना आजवर मोबाइलच्या पडद्यावरच पाहिलं होतं, तेही बहुतेक वेळा कपाळापासून वर. रेल्वेत बसायची बंडोपंतांची तयारी नव्हती, कारण रेल्वेत इतर माणसं असतात. म्हणून व्हॅन. पण पिपरी मेघेतल्या घराच्या अंगणातून ती बाहेर काढतानाच बंडोपंतांनी फाटकाचा एक खांब आडवा केला होता, आणि यशोदाबाईंनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, “बाबाराव पुढे गाडी घेऊन असतील तरच मी बसेन. नाहीतर तुम्ही एकटे जा, आणि पोचलात तर फोन करा.”

बाबारावांनाही पुण्याला जायचं होतं, मुलाकडे, रुपेशकडे. मात्र त्यांची बायको कांताबाई दम्याची. “सर, सोबत जायाले मी एका पायावर तयार हावो,” बाबाराव म्हणाले होते, “पण सोबतच्या मानसाले साधी शिंक बी आली, त मी गाडी वापस घेईन. आधी एक दिवस सोबत राहून पाहू.”

म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी, जाम गावाच्या पुढे, गजेंद्रच्या साळ्याच्या शेतात, सोयाबीन निघालेल्या रिकाम्या वावरात रोडग्यांची, म्हणजे निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पार्टी ठरली. ती सुखरूप पार पडली की पुढच्या रविवारी पुणे.

आता प्रश्न उरला तपासणीचा. बंडोपंतांनी तापमान पाहायची बंदूक आणली होती, पण ती सगळ्यांना ब्याण्णव दाखवी. तिच्या मते मंडळ जवळजवळ मेलेलं होतं. तेव्हा बंडोपंतांनी स्वतःची शास्त्रीय चाचणी काढली. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. प्रयोगशाळेतली एक तपकिरी काचेची बाटली त्यांच्याकडे निवृत्तीच्या दिवसापासून होती. तिच्यात त्यांनी दसऱ्यालाच कापूर घातला होता, तोंडाला मलमल बांधली होती आणि ती व्हॅनच्या काचेपाशी ठेवून दिली होती. आलेल्याने मास्क नाकाखाली घ्यायचा, डोळे मिटायचे, वास घ्यायचा आणि सांगायचं. ज्याला वास येईल तो आत, ज्याला येणार नाही तो परत.

या चाचणीत एकच अडचण होती आणि ती यशोदाबाईंखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. खुद्द बंडोपंतांना वास येत नसे. शहाण्णव सालच्या मे महिन्यात, प्रॅक्टिकलच्या वेळी, उन्हाने तापलेली अमोनियाची बाटली त्यांच्या तोंडापुढे उघडली गेली आणि त्यांचं नाक त्या दिवसापासून केवळ चष्म्याच्या सोयीसाठी उरलं. रसायनशास्त्राच्या माणसाला हे बोलून दाखवणं जड गेलं. सडक्या अंड्यांचा वास त्यांनी पुढे निवृत्तीपर्यंत निव्वळ श्रद्धेवर शिकवला.

सकाळी रुग्णवाहिका आधी आली. कांताबाई उतरल्या त्याच हसत.

“जामच्या चौकात चहावाल्यानं आमाले पाह्यलं अन् शटर ओढलं,” त्या म्हणाल्या. “म्या म्हटलं, बापा, आमी मेलो नाई, चहा पाज.”

“पाजला का?” यशोदाबाईंनी वीस फुटांवरून विचारलं.

“पाजते कायचा! आतून म्हने, पुढं जा.”

बंडोपंतांनी हातमोजे घालून बाटली पुढे केली. बाबारावांनी डोळे मिटले. “कापूर.” कांताबाईंनीही वास घेतला. “कापूर जी.” मग गजेंद्रचा टेम्पो आला. तेही म्हणाले, “कापूर. आरतीले उभं राह्यल्यासारखं वाटलं, सर.”

तिघंही पास. बंडोपंतांनी मनातल्या मनात पुण्याचा रस्ता धरला.

पण गजेंद्र एकटेच आले होते.

“ज्योत्स्नाताई नाही आल्या?”

“नाई. माहेरी गेली.”

“अचानक?”

“माहेरी काय नोटीस देऊन जातेत का सर?”

हे उत्तर बंडोपंतांना पटलं नाही. बाबारावांनाही पटलं नसावं, कारण त्यांनी आपली खुर्ची उचलून आणखी दोन पावलं मागे नेली. ते पाहून गजेंद्रनी आपली मखमली खुर्ची बाबारावांपासून लांब ओढली. रुग्णवाहिकेत आधी कोण कोण झोपून गेलं असेल, हा विचार त्यांना बहुधा तेव्हाच सुचला. थोड्या वेळाने गजेंद्र मोबाइल कानाला लावून तुरीच्या बाजूला गेले. वाऱ्यावर शब्द आले, “गोळी घेतली का? दोन्ही टाईम घे.” परत आल्यावर सगळे आपल्याकडे पाहताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं.

“मायची बीपीची गोळी आहे,” ते म्हणाले. “अन् ज्योत्स्नाचं खरं सांगू? मंडपाच्या टेम्पोत बसून मी कुठंच येत नाई म्हने. लोकं विचारतीन, लग्न कोनाचं होय.”

 

बंडोपंत त्या दिवशी माणसं पाहत नव्हते, लक्षणं पाहत होते. कांताबाई मधूनमधून पदराचं टोक नाकाशी नेत होत्या. नाक पुसत होत्या का? बाबाराव गळ्यापाशी सदऱ्यात हात घालून काहीतरी चाचपत होते. छातीत दुखत होतं का? गजेंद्र दर थोड्या वेळाने मान खाली घालून खिशात डोकावत. बंडोपंतांनी यशोदाबाईंना खुणेने विचारलं. यशोदाबाईंनी खुणेनेच सांगितलं की गप्प बसा, आपल्याला पुण्याला जायचं आहे.

मग बंडोपंतांनी पुढचे नियम वाचून दाखवले. पाणी ज्याचं त्याने आणायचं. ताट-वाटी ज्याची त्याची. एकाच्या भांड्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. वाढताना वरून वाढायचं.

“हे नियम आमच्या आजीले तोंडपाठ होते, सर,” कांताबाई शांतपणे म्हणाल्या. “तवा कोरोना नोता.”

बंडोपंतांचे कान मास्कच्या दोरीपर्यंत लाल झाले. “अहो, तसं नाही हो... हे शास्त्रीय...”

“मालूम आहे. यावेळी सगळ्यायले सारखे आहेत, म्हनून गंमत वाटली.”

बाबाराव हसले. बंडोपंतही हसले, पण मास्कमुळे ते कोणाला दिसलं नाही. त्यांनी घाईने नियमावली मिटली आणि ते रोडग्यांकडे वळले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा जगरा रसरसून फुलला होता. प्रत्येकाने घरूनच कणकेचे गोळे करून आणले होते आणि ओळखू यावेत म्हणून त्यांवर खुणा केल्या होत्या: बंडोपंतांच्या रोडग्यांवर एक रेघ, बाबारावांच्या दोन, गजेंद्रच्या रोडग्यांवर फुली. निखाऱ्यांपाशी एकच माणूस जाईल, आणि तो अध्यक्ष असेल, हाही नियमच होता. धुराचा त्रास नको म्हणून कांताबाई वाऱ्याच्या उलट बाजूला, पार कपाशीपर्यंत जाऊन बसल्या. वांग्याची भाजी तीन चुलींवर तीन पातेल्यांत शिजत होती.

रोडगे निखाऱ्यांत घालून बंडोपंत जगऱ्यापाशी उभे राहिले आणि पुण्याच्या प्रवासाची आखणी सांगू लागले. पुढे रुग्णवाहिका, मागे व्हॅन, मध्ये शंभर मीटर. मुक्काम पेट्रोल पंपावर. चहा थर्मासमधला. स्वरदाच्या सोसायटीत उतरण्याआधी हात, पाय आणि चाकं धुवायची. नातीला पहिल्या दिवशी खिडकीतूनच पाहायचं. हे सांगताना त्यांचा आवाज जरा ओला झाला, आणि तो ओलावा लपवण्यासाठी त्यांनी जगऱ्याकडे पाठ केली.

मागे रोडगे तडकायला लागले. आधी निळसर धूर निघाला, मग काळा. बंडोपंत हात हलवत परतीच्या प्रवासापर्यंत पोचले होते.

“सर,” बाबाराव उभे राहिले. “तुमाले वास नाई येऊन राह्यला का?”

“कसला?”

हा प्रश्न वावरभर फिरून परत आला. गजेंद्र मखमली खुर्चीतून उठले आणि खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले. बंडोपंतांनी वळून पाहिलं, तेव्हा रेघेचे, दोन रेघांचे आणि फुलीचे असे सगळेच रोडगे एका रंगाचे झाले होते.

“मास्क आहे ना दोन दोन,” ते म्हणाले. “त्यामुळे...”

“मग काढा मास्क. अन् घ्या थे बाटली.”

“कापूर आहे तिच्यात.”

“थे त आमाले बी मालूम आहे. कांता, काही दुसरं दे.”

कांताबाईंनी पाठ फिरवून संत्रं सोललं, साल कागदात गुंडाळली आणि कागद मध्ये ठेवून मागे सरल्या. बंडोपंतांनी डोळे मिटले, कागद नाकाशी धरला आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मुलं करायची तसा चेहरा केला. वांग्याची भाजी शिजते आहे, तेव्हा मसाल्याचं काही असणार, असा त्यांनी तर्क केला.

“हिंग,” ते म्हणाले.

 गजेंद्र पुटपुटले, “परीक्षा घेनारेच नापास.”

आता बंडोपंतांपुढे दोन वाटा होत्या: अब्रू किंवा नात. त्यांनी हातमोजे काढले.

“मला वास येत नाही,” ते म्हणाले. “पण हे आजचं नाही. शहाण्णव सालापासून येत नाही. अमोनिया.”

“असं सगळेच म्हनून राह्यले आजकाल,” बाबाराव म्हणाले. “आमच्या गल्लीत एकजन म्हने, मले त लहानपनापासूनच वास येत नाई. आठ दिवसांनी ऑक्सिजनवर होता.”

“खरं आहे हो ते,” यशोदाबाई म्हणाल्या. “घरात गॅस सुटला तर मलाच उठावं लागतं.”

“ताई, तुमी त सांगानच. तुमी एकाच गाडीतल्या.” बाबारावांनी चटया गुंडाळायला घेतल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि बंडोपंतांना तेच जास्त लागलं. “पुन्याचं राहू द्या, सर. हिचा दमा आहे. आमी तिघंबी पास झालो, तुमी नाई. मी काय करू, सांगा.”

गजेंद्र बाबारावांच्या बाजूला, म्हणजे त्यांच्यापासून वीस फुटांवर, जाऊन उभे राहिले. रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडलं.  बंडोपंतांनी खिशातून मोबाइल काढला, पडद्यावरचा नातीचा फोटो पाहिला आणि मोबाइल पुन्हा खिशात ठेवला.

ते यशोदाबाईंनी पाहिलं.

“थांबा बाबाराव,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला सकाळी कापराचा वास आला?”

“आला ना.”

“कांताताई?”

“हाव.”

“गजेंद्रभाऊ?”

“आरतीसारखा.”

यशोदाबाईंनी बाटली उचलली, मलमलीची गाठ सोडली आणि बाटली तळहातावर उपडी केली. तळहातावर काही पडलं नाही. त्यांनी बाटलीच्या बुडावर दोन थापट्या मारल्या. तरीही नाही.

“कापरात मिरे टाकून ठेवावे लागतात, नाहीतर तो उडून जातो,” त्या म्हणाल्या. “दसऱ्यालाच मी यांना सांगितलं होतं. हे म्हणाले, हा घरगुती समज आहे. कापूर उडाल्यावर मीच बाटली धुऊन वाळवली आणि मलमल बांधून जागेवर ठेवली. आज सकाळी पाहिली तर यांनी ती तशीच रिकामी आणलेली. म्हटलं, मेळावा नीट होऊ दे, कशाला बोला.”

घनपदार्थ वितळल्याशिवाय थेट हवेत विरून जातो, हे बंडोपंतांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. उदाहरण म्हणून ते दरवर्षी कापूरच घेत.

“मग आमाले वास कायचा आला?” कांताबाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा हात पदराच्या टोकाकडे गेला. तिथे गाठ मारलेली पुरचुंडी होती. बाबारावांचा हात गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला, गजेंद्रचा खिशाकडे. कापूर, ओवा, लवंग. कोरोना जवळ येत नाही म्हणून मोबाइलवर आलेला उपाय, तिघांनीही आपापल्या घरी, एकमेकांना न सांगता केलेला.

“मग रोडग्याचा वास?” गजेंद्र म्हणाले. “थे जळले थो वास कोनाले आला?”

बाबाराव जगऱ्याकडे पाहत म्हणाले, “मले त धूर दिसला.”

“मले बी धूरच दिसला,” कांताबाई म्हणाल्या.

आता कोणालाच कोणाची खात्री राहिली नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे नीट पाहून घेतलं आणि प्रत्येक जण आपल्या गाडीकडे आणखी एक पाऊल सरकला. भाजी ज्याची त्याने झाकून घरी नेली. जाताना बाबाराव रुग्णवाहिकेच्या खिडकीतून म्हणाले, “चाचनी करून घेऊ, सर. खरी. मग पाहू.”

सरकारी दवाखान्यात पाचही जणांनी नाकात काडी घालून घेतली. पाचही अहवाल निगेटिव्ह आले. तोवर बंडोपंतांच्या व्हॅनची बॅटरी बसली होती, आणि लाल क्रॉस पुन्हा वर आल्यामुळे रुग्णवाहिका रंगाऱ्याकडे गेली होती. नातीला पहिला दात आल्याचा फोटो आला, तेव्हा यशोदाबाईंनी कोणालाही न विचारता कांताबाईंना फोन केला.

जानेवारीत चौघं वर्ध्याहून रेल्वेने पुण्याला गेले. डब्यात बहात्तर माणसं होती.