कनवटीची किल्ली

बायकांच्या बराकीचं कुलूप बाहेरून लागतं आणि पहारेकरी बाई आत असते. नियमच तसा आहे. आतल्या बाईजवळ किल्ली ठेवली तर कैदी ती हिसकावतील, म्हणून किल्ली बाहेरच्या बाईकडे. ज्याने कोणी हा नियम केला तो कधी बराकीत बसला नसणार. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला कुलपाची कोणती बाजू कोणाच्या वाट्याला येते याची काय फिकीर? पूर्वी आत चौघी असायच्या, बाहेर दोघी. मग एकेक निवृत्त होत गेली, जागा रिकाम्या झाल्या आणि रिकाम्याच ठेवल्या गेल्या. आता आत तोफ आणि बाहेर आत्या. बस्स.

तोफ हे नाव आवाजावरून पडलेलं, आणि ते तिला मनापासून आवडायचं. आत्या वयाने सगळ्यांत मोठी, निवृत्तीला टेकलेली. किल्ली ती लुगड्याच्या कनवटीला खोचायची, तंबाखूच्या डबीशेजारी.

संपाच्या आदल्या दिवशीच्या सभेत तोफ नेहमीप्रमाणे धडाडली होती. "पगारवाढ मंजूर झाली, ती कागदावरच म्हातारी झाली! चौघींचं काम एकीकडून करून घेतात आणि वर आपल्यालाच म्हणतात, ही सेवा आहे! उद्या बाराचा भोंगा झाला की हातातलं काम तिथंच टाकायचं आणि फाटकाबाहेर पडायचं. मागे वळून बघायचं नाही. जो आत राहील तो आपला नाही, मग तो सख्खा का असेना!"

सख्खा म्हटल्यावर चार माना वळल्या. तिचा दीर याच तुरुंगाच्या कोठारात कामाला होता. मागच्या संपात तो आत राहिला होता. तिने त्याला भर फाटकात फितूर म्हटलं होतं आणि तेव्हापासून त्याचा उंबरा ओलांडला नव्हता. पुतण्या आजारी पडला तेव्हासुद्धा नाही. शब्द म्हणजे शब्द.

टाळ्या सगळ्यांत जास्त आत्याने वाजवल्या.

ठरलं होतं ते असं: आत्याने बाराच्या आधी दार उघडायचं, तोफेला बाहेर घ्यायचं, पुन्हा कुलूप लावायचं आणि किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवून दोघींनी निघायचं. पुढचं साहेब आणि त्यांची शिकाऊ पोरं बघून घेतील. तोफ पदर खोचून दाराशी तयार उभी होती. भोंगा झाला. आवारात पळापळ झाली, कुणीतरी घोषणा दिली, सगळीकडून पावलं फाटकाकडे धावली. मग सगळं शांत झालं.

"आत्या?" तोफ गजांतून म्हणाली. मग मोठ्याने, "आत्या!"

स्टूल रिकामं होतं. आत्याने भाषणातला शब्द न् शब्द पाळला होता. हातातलं काम तिथंच टाकलं होतं आणि मागे वळून बघितलं नव्हतं.

दुसरी किल्ली होती म्हणे. पण ती सांभाळणारा कारकून केव्हाच निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही, आणि ती कोणत्या कपाटात आहे हे आता त्या कपाटालाच ठाऊक.

तोफ फेऱ्या मारू लागली. दारापासून नळापर्यंत, नळापासून दारापर्यंत. गज हलवून बघितले. दाराच्या झडपेतून हात घालून कुलूप चाचपलं, जसं काही ते तिला बघून विरघळणार होतं. आतल्या बायका भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्यात एक होती, खोट्या सह्या करून आलेली. कायदा तोंडपाठ म्हणून तिला सगळ्या वकीलीण म्हणायच्या.

"बसा, बाई," वकीलीण म्हणाली. "पहिला दिवस जडच जातो."

बायका फिदीफिदी हसल्या. तोफेला एरवी संताप आला असता. आज तिला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून तिने पुन्हा फेरी मारली.

वरच्या झरोक्यातून फाटकाचा आवाज वाऱ्याबरोबर येत होता, जात होता. आधी घोषणा आल्या. मग कुणीतरी ओरडलं, "तोफ कुठाय?" थोड्या वेळाने दुसरं कुणी, "आतच आहे! ड्यूटीवर आहे!" मग हुर्यो. लांबलचक, पोटातून काढलेली हुर्यो. फितुरांसाठी ती कशी काढायची हे मागच्या संपात तोफेनेच त्यांना शिकवलं होतं.

ती झरोक्याखाली उभी राहून ओरडली. घसा फाटेस्तोवर ओरडली. मध्ये दोन आवारं आणि तीन भिंती होत्या. तोफ आतल्या आत उडाली.

"आम्ही ओरडू का तुमच्याबरोबर?" वकीलीण आता हसत नव्हती. "सगळ्या मिळून. नक्की ऐकू जाईल."

तोफेचे डोळे चमकले, आणि दुसऱ्याच क्षणी ती जागच्या जागी थिजली. बराकीतून इतक्या बायका ओरडल्या की धोक्याची घंटा होणार. घंटा झाली की फाटकाबाहेर बंदोबस्ताला थांबलेले पोलीस आत घुसणार, आणि त्यांच्या वाटेत संपकरी. "नको," ती म्हणाली. "चूप बसा सगळ्या. माझी शपथ आहे." आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड दाबून ती खाली बसली. हुर्यो चालूच होती.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा कुठे बाहेर फरफटणारी पावलं वाजली. आत्या. तंबाखूची डबी काढायला तिने कनवटीत हात घातला होता आणि हाताला किल्ली लागली होती. ती आता तिने मुठीत घट्ट धरली होती.

"पोरी, मला चाबकाने मार," ती म्हणाली. "फाटकावर चष्मा विसरला सांगून आले गं. किल्ली फाटकाबाहेर नेली मी. कळलं तर घरी बसवतील. पेन्शन जाईल. सुनेच्या दारात पडावं लागेल."

तेवढ्यात वळणावर बूट वाजले. साहेब, आणि मागे दोन शिकाऊ पोरं. तोफेला विचार करायला वेळ मिळाला नाही, आणि बरंच झालं. विचार केला असता तर कदाचित तिने वेगळं काही केलं असतं. तिने गजांतून हात काढला, आत्याच्या मुठीतली किल्ली ओढून घेतली आणि पदराआड धरली.

"किल्ली टेबलावर नव्हती," साहेब म्हणाले. त्यांची नजर आत्यावर गेली.

"माझ्याकडे आहे, साहेब," तोफ म्हणाली. "मीच मागून घेतली. बाहेर कोणी नसणार होतं. आग लागली तर या बायकांनी काय करायचं? म्हणून मी थांबले."

मागे बराकीत वकीलिणीने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"शाबास!" साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे किल्ली हातात असूनही गेली नाहीस! एक तरी इमानी निघाली."

एरवी किल्ली जवळ ठेवली म्हणून त्यांनी तिला निलंबित केलं असतं. आज तोच गुन्हा सोन्याहून पिवळा ठरला. त्यांनी दार उघडवलं, पोरांना पहाऱ्यावर उभं केलं, स्वतः तिला फाटकापर्यंत घेऊन आले आणि संपकऱ्यांना म्हणाले, "हिच्याकडून शिका काहीतरी!"

हुर्योसुद्धा झाली नाही. एकेकाने पाठ फिरवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावले तर तक्रार कोणाकडे करायची? मागून आलेली आत्या पुढे सरसावली, "अरे, ऐका, ती..." म्हणू लागली. तोफेने तिच्याकडे असं बघितलं की आत्या मागे सरली. त्या गर्दीत एकाच माणसाने पाठ फिरवली नव्हती. तो दीर होता, या खेपेला बाहेर पडलेला.

घरी जायचं तर पाय त्याच गल्लीत वळतात. संध्याकाळी ती त्याच्या दाराशी थांबली, उंबऱ्याच्या अलीकडे. तो बाहेर आला.

"भाऊजी," ती म्हणाली. आवाज बसला होता. "मागच्या संपात तुम्ही आत राहिलात. तेव्हा कोणाला वाचवलंत? खरं सांगा. मी तोंड उघडणार नाही."

तिला उत्तर हवं होतं. कुणीतरी असावं, एखादा म्हातारा, एखादी आत्या. मग सगळं जुळलं असतं.

"कोणाला नाही, वहिनी," दीर म्हणाला. "मी भ्यालो होतो. नोकरी गेली तर पोराला काय घालू, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही म्हणालात ते खोटं नव्हतं."

इतकी वर्षं तिने या माणसाला दगडासारखं बाजूला ठेवलं होतं, आणि त्याचा गुन्हा एवढाच निघाला. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आणि तुम्ही?" त्याने विचारलं. "तुम्ही का राहिलात?"

"मीपण," ती म्हणाली. "मीपण भ्याले."

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. ओरडून बसलेला घसा, गज हलवून सोलवटलेले तळवे.

"खोटं बोलणं तुम्हाला कधी जमलंच नाही, वहिनी," तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला. "आत या. पोरगा विचारत असतो, काकू कधी येणार म्हणून."