तिसऱ्या कोठीतली रायफल

कॅनडातल्या झोर्या गावात वर्तमानपत्र येत नाही, पण त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. सकाळी सात वाजता रिंकवरच्या, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाच्या, स्वयंपाकघरात कॉफी चढते, लांब टेबलाभोवती आठ-दहा म्हातारे टोप्या न काढता बसतात आणि साडेआठपर्यंत जगाचा निकाल लागलेला असतो. या टेबलावर खिडकीजवळची खुर्ची ओरेस्ट हाव्रिलुकची. वय सदुसष्ट, आवाज खणखणीत, आणि ज्यावर याचं ठाम मत नाही असा विषय सस्कॅचेवान प्रांतात अजून सापडायचाय.

त्या वर्षी सुगी आटोपली आणि ओटावाच्या सरकारने रायफलबंदीची यादी वाढवली. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप जागेवर येऊन बसते, त्या जातीच्या रायफली. यादी इतकी लांबलचक की ज्याने केली त्याने तरी ती पुरती वाचली होती की नाही, देव जाणे. ओरेस्टने तर उघडलीसुद्धा नाही.

त्याची मुलगी कालिना म्हणाली, "बाबा, एकदा बघा तरी. आपली तिच्यात आहे की नाही ते कळेल."

"वाचली म्हणजे मानली," ओरेस्ट म्हणाला. "मी मानत नाही, म्हणून वाचत नाही."

आपली म्हणजे त्याच्या वडिलांची, दमित्रोंची. पॉइंट बावीसची साधी रायफल, दहा गोळ्या मावणारी, गोफर मारायची. गोफर म्हणजे बिळात राहणारी खार. दिसायला गोजिरवाणी, पण तिच्या बिळात गाईचा पाय गेला की मोडलाच म्हणून समजा. वडिलांनी ओरेस्टच्या हाती शेत सोपवलं, तेव्हा आधी ही रायफल दिली आणि मग कागद दिले. लाकडी दस्त्यावर त्यांनी चाकूने आपलं नाव कोरलेलं होतं. आता खरं बघायला गेलं तर आठ वर्षं शेत कालिनाच बघत होती. पेरणी तिची, कापणी तिची, ट्रॅक्टर बंद पडला की त्याखाली झोपायचं तेही तिनेच. पण ओरेस्टचं आपलं दर वर्षी एकच, "पुढच्या वसंतात रायफल तुझ्या हातात देतो, मग कागद करू." कालिना तोंडाने काही मागत नसे. वसंत आला की त्या कपाटाकडे तिची नजर मात्र जायची, आणि ओरेस्टला ते दिसायचं.

नोव्हेंबरात पंचक्रोशीची सभा झाली. चर्चच्या हॉलमध्ये खासदारबाई आल्या, दोनशे माणसं जमली. सगळे एका सुरात सरकारला शिव्या घालत असताना मार्लीन उठली. मार्लीन ही ओरेस्टची बायको.

"अठ्ठावीस वर्षं मी नर्स होते," ती म्हणाली. "गोळी लागून आलेली माणसं मी मोजली नाहीत, पण विसरलेही नाही. बहुतेक वेळा रायफल घरचीच आणि माणूसही घरचंच. गोफर मारायला एक गोळी पुरते. ज्या रायफलीत तीस मावतात ती कशाला हवी? गोफर काय पलटण घेऊन येतात?"

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प बसलं. सगळ्या माना ओरेस्टकडे वळल्या. आता बायकोचं ऐकून गप्प राहावं तर टेबलावरची खुर्ची जाते. तो उठला.

"शहरात कुणीतरी चोरटं पिस्तूल चालवतं आणि शिक्षा मला? इथे फोन केला तर पोलीस यायला दीड तास लागतो. तोवर मी काय कोयोट कोल्ह्याला कॉफी पाजू?" इथपर्यंत ठीक होतं, मुद्द्याचं होतं. पण टाळ्या पडल्या आणि गड्याला चेव चढला. "माझ्या बापाची रायफल माझ्याकडे आहे. ती न्यायची असेल तर आधी मला पुरावं लागेल!"

हॉल दणाणला. खासदारबाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून फोटो काढला. घरी मार्लीनने कोबीच्या पानांत भात भरलेले गोळे पुढ्यात ठेवले, तेही थंडगार.

"सरकारकडे तुझ्या रायफलीची कुठे नोंद तरी होती का रे?" तिने विचारलं.

"नव्हती."

"आता दोनशे माणसांच्या देखत झाली. फोटोसकट."

ओरेस्टने काटा खाली ठेवला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी अंगणात पोलिसांची गाडी उभी राहिली. कॉन्स्टेबल लँड्री, पूर्वेकडच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातून बदलून आलेला पोरगा, दार ठोठावत होता. ओरेस्ट न्हाणीघरात जाऊन बसला आणि त्याने पाणी सोडून ठेवलं. पोरगा वाट बघून निघून गेला. दाराला चिठ्ठी होती, 'तुमची तांबडी गाय हायवेवर उभी आहे.'

"गाय हे निमित्त," ओरेस्ट स्वतःशीच म्हणाला. "टेहळणी चाललीये."

मार्लीन आणि कालिना गाय आणायला गेल्या, तेवढ्यात त्याने कुलुपातल्या कपाटातून रायफल काढली, गोळ्या काढून घेतल्या, जुन्या रजईत गुंडाळली आणि कॅनोलाच्या, म्हणजे तेलबियांच्या, तिसऱ्या कोठीच्या शिडीवरून वर चढला. कोठी पत्र्याची, दोन मजली उंच, बुडाला निमुळती. वरच्या झाकणातून त्याने रायफल दाण्यांत खुपसली. कॅनोलाचा दाणा मोहरीसारखा बारीक, गुळगुळीत, एका ढकलण्यात ती गडप झाली. कालिनाला तो बोलला नाही. ती यादी उघडून बसली असती.

थंडीभर टेबलावर त्याचा काय रुबाब होता म्हणून सांगू! कॉफी ओतायची तर पहिली त्याच्या कपात. रिंकचा व्यवस्थापक वॉल्टर प्रोकोपचुक त्याचा शाळेपासूनचा दोस्त, तो रोज विचारायचा, "काय रे, सुखरूप आहे ना?" आणि ओरेस्ट मिशीतल्या मिशीत हसायचा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, बाहेर उणे तीस असताना, तो असाच रंगात आला होता. "अरे, ती अशा ठिकाणी आहे," तो म्हणत होता, "की सरकार सोड, माझ्या घरच्यांनाही सात जन्मांत सापडायची नाही." तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"बाबा, घरी या," कालिना म्हणाली. मागे ट्रॅक्टर बंद झाल्यासारखी शांतता होती. "तिसऱ्या कोठीतला माल आतून तापायला लागला होता, सडला असता. म्हणून ट्रक बोलावला, ऑगर लावला. ऑगरने काहीतरी गिळलंय."

"काय गिळलंय?"

"लाकूड आहे. त्यावर आजोबांचं नाव आहे."

ओरेस्टने कप तसाच ठेवला. टेबलाला काहीही न सांगता तो उठला.

ऑगर म्हणजे नळीत फिरणारा लांब लोखंडी स्क्रू. कोठीच्या बुडाला लावला की दाणा ओढून थेट ट्रकमध्ये नेऊन टाकतो. त्याच्या तोंडाला जाळीचा पिंजरा असतो, हातपाय आत जाऊ नयेत म्हणून, नियमच आहे तसा. ओरेस्टने तो पिंजरा अकरा वर्षांपूर्वी उपटून शेडमध्ये फेकला होता. दाणे कुठे टाकायचे ते सरकारने मला शिकवू नये, असं तेव्हा त्याचं म्हणणं होतं. पिंजरा जागेवर असता तर रायफल बाहेरच अडकली असती.

तो पोचला तेव्हा बर्फावर सोनेरी-काळ्या दाण्यांचा सडा पडला होता. रजईच्या चिंध्या स्क्रूला गुंडाळल्या होत्या. कालिनाच्या हातात रायफल होती, म्हणजे जे काय उरलं होतं ते. नळी कोपरासारखी वाकलेली, दस्ता दोन तुकडे. आणि शेजारी, दैवाची थट्टा बघा, हातात चर्चच्या पेरोगी जेवणाची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांच्या पंगतीची, तिकिटं घेऊन कॉन्स्टेबल लँड्री उभा. तो नेमका आजच ती खपवायला आला होता.

ओरेस्टने सरळ दोन्ही हात पुढे केले. "घाल बेड्या, पोरा. हीच ती."

"हीच कोणती?" लँड्रीने रायफल हातात घेतली, नळीवरचा बर्फ अंगठ्याने पुसून बनावटीचं नाव वाचलं आणि खांदे उडवले. "हाव्रिलुकसाहेब, ही यादीत नाही. कधीच नव्हती. ही आजही दुकानात मिळते."

ट्रकचा ड्रायव्हर उगाचच टायर बघायला गेला.

"कुलपात न ठेवता कोठीत ठेवणं हा मात्र गुन्हा आहे," लँड्री जरा ओशाळून म्हणाला. "या खेपेला समज देऊन सोडतो. तिकिटं किती देऊ?"

"तीन," मार्लीन पायरीवरून म्हणाली.

कालिनाने दस्त्याचे दोन तुकडे एकमेकांना लावून बघितले. नाव बरोबर मधोमध फुटलं होतं. ती रडली नाही, ओरडली नाही. "बाबा, मला शेताच्या कागदांची कधीच पडली नव्हती," ती म्हणाली. "मला ही हवी होती. तुम्ही मला नुसतं विचारलं असतंत तर दोन मिनिटांत यादी बघून सांगितलं असतं." मग ती फावडं घेऊन दाणे भरायला लागली. ओरेस्टला तिथे उभं राहवेना. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

घरात तोंड दाखवायची सोय नव्हती, म्हणून तो तुकडे पिकअपमध्ये टाकून रिंकवर परतला. खरं काय ते सांगून टाकावं, असं मनात होतं, शप्पथ. पण दारातच वॉल्टरची नजर त्याच्या हातातल्या वाकलेल्या नळीवर पडली.

"अरे देवा. मोडली त्यांनी!"

ओरेस्टने तोंड उघडलं. आठ म्हातारे उभे राहिले होते आणि आठांनी टोप्या काढल्या होत्या. एवढ्या वर्षांत त्या टोप्या एकदाच निघाल्या होत्या, जुना पाद्री वारला तेव्हा. ओरेस्टने तोंड मिटलं. आणि जे मिटलं ते मिटलंच.

आठवड्याभरात रायफल ओकच्या फळीवर चढली, ट्रॉफींच्या कपाटावर, चार बोल्टांनी ठोकून. खाली पितळी पाटी: 'बंदीने घेतलेली झोर्याची पहिली रायफल.' खासदारबाईंनी येऊन पाटीखाली ओरेस्टसोबत दुसरा फोटो काढला. ओरेस्ट मान खाली घालून उभा होता, आणि लोक म्हणाले, बघा, किती जिव्हारी लागलंय त्याला.

एप्रिल आला. बर्फ वितळला आणि माळावर गोफर दोन पायांवर उभे राहून जणू हजेरी घ्यायला लागले. एका दुपारी माळावरून टप, टप असा ओळखीचा आवाज आला. ओरेस्ट धावत बाहेर आला. कुंपणाशी कालिना होती, हातात त्याच बनावटीची कोरी रायफल.

"दुकानात होती," ती म्हणाली. "परवाना दाखवला, घेतली."

"चांगली चालते का?"

"चालते की. पण ही कुणाची नाहीये." तिने पुढचा गोफर टिपला. "तो दस्ता मिळाला असता तर हिला बसवला असता. डिंकाने जोडून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरेस्ट रिंकवर गेला तो खिशात पाना घेऊनच. कॉफीला हात न लावता त्याने खुर्ची कपाटापाशी ओढली, वर चढला आणि टेबलाकडे वळला.

"ऐका. ही सरकारने मोडली नाही. ही यादीत नव्हतीच. मी ती कोठीत लपवली, ऑगरची जाळी मीच काढलेली होती, आणि माझ्याच ऑगरने ती खाल्ली. मी थापा मारत नव्हतो, पण गप्प बसलो, ते एकच झालं. आता ही मला माझ्या पोरीला द्यायची आहे."

मग वॉल्टर उठला, खुर्चीजवळ आला आणि त्याने ओरेस्टच्या हातातून पाना हळूच काढून घेतला.

"तुझ्यावर दबाव आलाय, ते दिसतंय आम्हाला," तो कळवळून म्हणाला. "मार्लीन पहिल्यापासून त्यांच्या बाजूची. पण तू काळजी करू नकोस, गड्या. ही आता तुझी एकट्याची राहिलेली नाही. गावाची आहे."

"वॉल्टर, माझ्या बापाची रायफल आहे ती!"

"म्हणूनच," वॉल्टर म्हणाला, आणि मागे सात म्हातारे भिंतीला पाठ लावून ओळीने उभे राहिले. "ती न्यायची असेल तर आधी आम्हाला पुरावं लागेल."

टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरेस्टला हाताला धरून खुर्चीवरून उतरवलं आणि पहिली कॉफी त्याच्याच कपात ओतली.

घरी आला तेव्हा कालिना ऑगर धूत होती. रिकामे हात बघून तिने पाण्याचा नळ बंद केला.

"दिली नाही?"

"नाही."

"कुणी? सरकारने?"

"सरकारने काय," ओरेस्ट म्हणाला. "आपल्याच लोकांनी." खिडकीतून मार्लीन ऐकत होती, पण तिनेही या वेळी टोमणा मारला नाही. "कागद उद्या करू, कालिना. आधी रायफल द्यायची होती. ते काही माझ्याच्याने झालं नाही."

कालिनाने ओल्या हातांनी टोपी मागे सरकवली आणि बापाकडे जरा वेळ बघितलं. "मग निदान ऑगरची जाळी तरी बसवून द्या," ती म्हणाली.

जाळी शेडमध्ये जुन्या टायरांखाली सापडली, गंजलेली, एका बाजूने चेपलेली. ओरेस्टने ती ठोकून सरळ केली आणि बसवायला गेला, तर लक्षात आलं की पाना रिंकवरच राहिलाय. तो कालिनाकडे गेला आणि तिचा पाना मागून आणला.