फोटोपुरते काढलेले कडे

माझ्या सासूच्या, लोरेनच्या, बोलण्यात माझ्या आजाराला नाव नव्हते. ‘मारितचं ते’ एवढ्यावर भागत असे. अपस्मारावरचे प्राचीन उपचार हा माझ्या अध्यापनाचा विषय. देवाचा कोप, चंद्राची कला, मुंगसाचे रक्त, सगळ्या मीमांसा मला मुखोद्गत. या आजाराकडे निव्वळ बेअदबी म्हणून पाहणारी मीमांसा मात्र मला अमेरिकेतल्या डुलूथ गावी, एका चर्चच्या तळघरात, माझ्याच होणाऱ्या बाळाच्या कौतुकसोहळ्यात भेटली.

सातवा महिना चालू होता. नवरा डेल लोहखनिज वाहणाऱ्या बोटीवर कामाला, सरोवराच्या पार दुसऱ्या टोकाला. टेबलांवर ओव्हनमध्ये भाजलेले बटाट्याचे हॉटडिश आणि डायपर रचून केलेला तीन मजली केक.

“अगं, ते पोलादी कडं काढ की,” लोरेन कुजबुजली. “फोटोत सुटून आलेल्या कैद्यासारखी दिसशील.”

“त्यावर माझा आजार कोरलाय, लोरेन.”

“म्हणूनच म्हणते! पाद्रीणबाईंनी वाचलं म्हणजे? मी सगळ्यांना सांगून बसलेय, बाळासाठी हिनं गोळ्या सोडल्या, आता ठणठणीत आहे.”

“सोडल्या नाहीत. डॉक्टरांनी वाढवल्यात. गरोदरपणात औषध रक्तात टिकत नाही.”

“बाई गं, लेक्चर कॉलेजात दे. दोन मिनिटांचा प्रश्न आहे!”

सगळ्या बायका कॅमेरे रोखून हसत होत्या. मी हात पुढे केला. कडे लोरेनच्या पर्समध्ये गेले आणि पर्स कट्कन मिटली.

पुढचे मला इतरांकडून कळले. मी डायपरच्या केकवर कोसळले. रुग्णवाहिकेतल्या माणसाने विचारले, “आधीचा काही आजार?” सगळे चर्च कान देऊन ऐकत असताना लोरेन म्हणाली, “छे हो! चांगली धट्टीकट्टी आहे.”

निरोगी गरोदर बाईला झटका आला, तर वैद्यकशास्त्राला आधी एकच शंका येते: गर्भारपणातले विषारी झटके, आणि त्यांवर अखेरचा इलाज एकच, प्रसूती. मी इस्पितळात शुद्धीवर आले तेव्हा माझ्या पोटावर जंतुनाशक चोळले जात होते.

“रक्तदाब तर नॉर्मल आहे,” परिचारिका म्हणाली.

“चढेल,” डॉक्टर म्हणाले. “बाळ आत्ताच काढायला हवं.”

मला तीन मृत भाषा येतात आणि एक जिवंत. चावून सुजलेल्या जिभेवर त्यांतली एकही येईना. मी उघडे मनगट दाखवले, मग लोरेनच्या पर्सकडे बोट केले.

“गोंधळलीय बिचारी,” लोरेनने पर्स छातीशी धरली.

मी पट्टा धरून ओढला.

“अगं, ओढतेस काय!”

पर्स उघडली. लिपस्टिक, पेपरमिंटच्या गोळ्या आणि त्यांच्या मागोमाग खणखणत कडे फरशीवर पडले. डॉक्टरांनी ते उचलून वाचले.

“हे तुमच्याकडे कसं?”

“फोटोपुरतं... म्हणजे...”

“थांबवा सगळं. हिच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन लावा. बाळ आत आहे तिथंच राहू दे.”

तेवढ्यात डायपरच्या केकचा उरलासुरला मजला घेऊन पाद्रीणबाई दारात उभ्या राहिल्या. “काय झालं गं पोरीला?”

“मारित,” लोरेन माझ्या कानाशी झुकली, “यांच्यासमोर नको हं. घरचं घरात राहू दे.”

जीभ हलली. रक्ताची चव आली आणि शब्दही.

“अपस्मार,” मी म्हणाले.

“काय म्हणाली?” पाद्रीणबाईंनी विचारले.

“अपस्मार. लहानपणापासून.”

लोरेन खाली वाकून पेपरमिंटच्या गोळ्या वेचू लागली. कडे पुन्हा चढवून घ्यायला मी डॉक्टरांपुढे मनगट धरले.