जवारी

हिमानीच्या सासूबाईंना, म्हणजे शैलजाबाईंना, आजवर कुणाचा सूर सहजासहजी पटलेला नाही. सांगलीच्या मुलींच्या शाळेत उभा जन्म गाणं शिकवलं, आणि त्यांच्या तोंडून "छान" हा शब्द किती जणींनी ऐकला असेल देव जाणे. त्या अमेरिकेत मॉरिसव्हिलला मुलाकडे राहायला आल्या तेव्हा हिमानी निर्धास्त होती. आपण कुठे गातो, आपल्याला काय! पण फोनवरच्या तानपुऱ्याला बाईंनी आल्या आल्याच मोडीत काढलं. त्याच्यात जीव नाही, म्हणाल्या. शेजारपाजारच्या मुली शनिवारी गाणं शिकायला येऊ लागल्या, तशी ही तक्रार रोज जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसली. खरा तानपुरा आणायचा, तर विमानातून भोपळा शाबूत पोचेल याची खात्री नाही. बाईंचा मुलगा ऋषी, तक्रार सुरू झाली की डिशवॉशर भरायला उठायचा.

हिमानीने मात्र मनावर घेतलं. ऑफिसात ती दिवसभर सर्किट बोर्डच तपासते, सोल्डरिंगला हात बसलेला. गराजमध्ये एका टेबलावर तिने जेवणाच्या डब्याएवढा ॲनालॉग सिंथेसायझर बनवायला घेतला. त्यात कॉम्प्युटर नाही, कुणाचा रेकॉर्ड केलेला आवाज नाही. तारेऐवजी वीज थरथरते आणि तिचाच नाद होतो. लाकडी पेटी तिनेच कापली, तिनेच पॉलिश केली. वर नॉब बसवले. एकाने सूर लावायचा, दोघांनी तो किती हळू उमलावा आणि किती रेंगाळावा ते ठरवायचं. सगळ्यात मोठा नॉब फिल्टरचा. तो डावीकडे असला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबका, उजवीकडे नेऊ तसा मोकळा आणि धारदार. एवढी उठाठेव कशासाठी? तर सासूबाईंनी एकदा मान डोलवावी म्हणून. तिने हे कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण होतं ते एवढंच.

शैलजाबाईंनी पेटी मांडीवर घेतली, नॉबांना खुंट्या म्हणाल्या, आणि थोडं ऐकून सांगितलं की सूर चढतोय. हिमानी गारच पडली. आतले भाग तापले की सूर केसभर सरकतो हे तिला माहीत होतं, पण ते पकडायला तिला मीटर लागला होता. बाईंनी नुसत्या कानाने धरलं. तिने पेटी खोलून तो भाग बदलला. सूर जागचा हलेनासा झाला.

"सूर ठीक आहे," बाई म्हणाल्या. "जवारी नाही."

जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेखाली सुती दोरा नेमक्या जागी सरकवला की जो झणझणीत गुंजारव सुटतो ना, तो. हिमानीने नॉब उजवीकडे नेत फिल्टर उघडला. बाई म्हणाल्या, अजून हवी. आणखी उघडला. अजून दबकंच आहे म्हणे. तिने पेटी पुन्हा खोलली, फिल्टरचं अख्खं सर्किट नवं केलं, वरच्या नादाला आणखी धार आणली. बाईंचं नाक मुरडलेलं ते मुरडलेलंच. मग मात्र हिमानीचं डोकं फिरलं. तुझ्या आईला माझ्या हातचं काही पटायचंच नाही, आमटीपासून पेटीपर्यंत, असं तिने ऋषीला सुनावलं. बाईंच्या खोलीतला, धुराचा इशारा देणारा स्मोक डिटेक्टर बॅटरी संपल्यामुळे दोन दिवस चिवचिवत होता, त्याबद्दल मात्र बाईंचा चकार शब्द नाही. म्हणजे नावं ठेवायची ती फक्त सुनेला, असा हिशेब हिमानीने मनाशी पक्का केला.

त्या शनिवारी शेजारची रुचा एकटीच शिकायला आली होती. बाईंनी पुन्हा जवारी मागितली. घ्या मग, असं मनात म्हणत हिमानीने नॉब पार उजवीकडे नेला. पातेलं तारेच्या घासणीने खरवडावं तसा आवाज खोलीभर झाला. रुचाने दोन्ही कान दाबले.

"आजी, माय इअर्स हर्ट!"

नखरे नकोत, म्हणून बाईंनी तिला दटावलं आणि हिमानीला म्हणाल्या, अजून थोडी काढ. नॉब तर पुढे जायला जागाच नव्हती. हिमानी थबकली. मग तिने नॉब हळूच अर्ध्यावर आणला. रुचाचे हात खाली आले. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. नॉब पुन्हा टोकाला नेला. रुचा कळवळली, बाई मांडीवर ताल धरून तशाच. हिमानीला बाईंच्या खोलीतला तो चिवचिवणारा डिटेक्टर आठवला. एवढे दिवस साठवलेला राग कुठच्या कुठे गेला, आणि त्या जागी नुसती भीती उरली.

रुचा घरी गेल्यावर तिने सांगून टाकलं.

"आई, मी मघाशी फिल्टर अर्ध्यावर आणला होता. तुम्हाला कळलं नाही. वरचा नाद तुम्हाला ऐकूच येत नाहीये."

शैलजाबाईंनी विचारलं, त्या पोरीचे कान खरंच दुखत होते का. हिमानी हो म्हणाली.

"उगाच ओरडले तिला," बाई म्हणाल्या.

मराठी मंडळाच्या नीनाने त्यांना मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. बाईंनी तिला फोन केला आणि गुडघ्याचं निमित्त सांगून येणं कॅन्सल केलं. हिमानीने डॉक्टरचं, कानाच्या मशीनचं काढलं, तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. ऋषीने अपॉइंटमेंट घेतली. त्यालाही त्या हो म्हणाल्या. ह्या बाई कधी कशाला एका शब्दात हो म्हणाल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

पुढच्या शनिवारी मुली यायच्या आत हिमानीने पेटी लावली. या वेळी विचारायचं कुणाला? तिने स्वतःच्या कानाला गोड लागेल तिथे नॉब थांबवला. आवाज खरोखर सुंदर झाला होता, भरलेला, कडेने झणझणणारा. बाईंनी सवयीने मान तिरकी करून ऐकलं आणि हिमानीही सवयीने त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "तुला पटलंय ना? मग छानच असणार."

एवढ्या एका शब्दासाठी तिने ती पेटी किती वेळा खोलली होती. तो शब्द आला, आणि तिला तो नको झाला. तिला ती काही म्हणजे काही न पटणारी बाई परत हवी होती. हिमानीने तोंड फिरवलं आणि ती रडली.