बैलाच्या वाट्याची ढेप

बोंड्या मेला तेव्हा वच्छला त्याच्यापासून हातभर अंतरावर गोवऱ्या रचत होती. तो कोंबडीमागे धावला, मध्येच थबकला, काहीतरी विसरल्यासारखा मागे वळला आणि कुशीवर पडला. एकदाच पाय ताणले, मग काहीच नाही. तोंडाला फेस नव्हता, ओकारी नव्हती, ओरडणंही नव्हतं. तिनं त्याला उचललं तर मान हातावरून खाली लोंबली. अंग अजून ऊन होतं. वर्षाचासुद्धा झाला नव्हता. कापसाच्या उमललेल्या बोंडासारखा पांढरा आणि गुबगुबीत, म्हणून बोंड्या.

धडधाकट जीव असा जातो कसा, हे तिला कळेना. न कळणं सोसवेना, म्हणून तिनं मिळालं ते पहिलं कारण धरलं. बोंड्याला तसंच पोटाशी घेऊन ती गावविहिरीवर गेली आणि पाणी भरणाऱ्या सगळ्या बायांदेखत म्हणाली, "माणिकबाईनं माह्या कुत्र्याले कुचल्याचं जहर घातलं."

माणिकबाई तिथंच घागर घासत होती. तिनं मान वर केली, वच्छलाकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मी?"

माणिकबाई माळ्याची; घरी ती आणि तिचा मुलगा सहदेव. तिचं मेथी-वांग्याचं वावर वच्छलाच्या सासरच्या गोठ्याला लागून होतं, मध्ये नुसती काट्यांची वई. बडनेऱ्यापासून दोन कोसांवरच्या या गावात वच्छला लग्न होऊन आली, तेव्हा तिच्याशी पहिल्यांदा हसून बोलली ती माणिकबाईच. नवरा भगवंत अकोल्याला सरकारी शेतावर नोकरीला. महिन्यातून एखाद्या शनिवारी रेल्वेनं यायचा. बाकीचे दिवस वच्छला, सासू गोदाबाई आणि दोन बैल. वईच्या पलीकडून माणिकबाई हाक मारायची, "काय वं, आज सासूनं जेवू घातलं का नुसतंच बोलून पोट भरलं?" तेवढ्यावर वच्छलाचा दिवस निघायचा.

बोंड्या वईतून घुसून मेथीचे वाफे उकरायचा. मरायच्या दोन-तीन दिवस आधीच माणिकबाई त्याच्यामागे ढेकूळ भिरकावत म्हणाली होती, "याले एक दिवस कुचल्याची गोळीच चारतो, थांब." म्हणताना ती हसत होती. वच्छलाही हसली होती. विहिरीवर मात्र तिनं शब्द तेवढे सांगितले, हसणं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई भाजीचं टोपलं घेऊन निघाली आणि गोदाबाईनं दारातूनच नको म्हणून हात हलवला. मग शेजारच्या घरानं. संध्याकाळी टोपलं भरलेलंच परत आलं. भांडण कोणीच केलं नाही. भाजीवालीच्या घरी कुचला आहे एवढं कानावर आलं, की तिच्या हातची मेथी निवडायला कोण बसणार?

त्याच संध्याकाळी भगवंत आला. नागपूरहून बी.एस्सी. झालेला. कुठलीही गोष्ट हातात घेऊन उलटीपालटी केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बायकोच्या सुजलेल्या डोळ्यांकडे त्यानं एकदा पाहिलं आणि विचारायला सुरुवात केली.

"झटके आले होते?"

"नाई."

"अंग ताठ झालं होतं? कमानीसारखं?"

"नाई म्हणतो ना. उभ्याचा पडला."

"मग कुचला नाही. कुचल्यानं जनावर ताठतं, तडफडतं. आधी काही दिसलं होतं?"

वच्छला आठवू लागली. गेले काही दिवस तो लवकर दमत होता. जेवणावर वासना कमी होती. पोट मात्र मोठं दिसायचं. तिला वाटलं होतं, पोरगं बाळसं धरतंय.

सकाळी भगवंतानं बोंड्याला पुरलं होतं तो बांधाकडेचा खड्डा उकरला. थंडीचे दिवस होते, देह फारसा बिघडला नव्हता. वस्तऱ्यानं त्यानं बोंड्याला चिरलं. वच्छला लांब उभी राहून पाठमोऱ्या नवऱ्याची हलणारी कोपरं पाहत राहिली. तो उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. गणित सुटत आलेल्या माणसाचा उजेड होता.

"छातीत पाणी भरलंय. काळीज फुगून अगदी ढिलं पडलंय. याला कोणी विष एकदम घातलं नाही, वच्छला. हे रोज थोडं थोडं गेलंय. काय खात होता हा?"

वच्छला गोठ्याकडे पाहू लागली.

गोदाबाईच्या घरात भाकर माणसाची होती. कुत्र्यानं गावात फिरावं आणि पोट भरावं, असा तिचा कायदा. बोंड्याला तुकडा टाकताना दिसलं, की ती टोपलीतल्या भाकरी मोजायची. म्हणून वच्छलानं वाट काढली होती. बैलांसाठी सरकीची ढेप रात्री घमेल्यात भिजत घालायची, ते काम तिचंच. सकाळी त्यातली दोन मुठी ढेप ती गोठ्याआड नेऊन ताकात कालवायची. तेल काढून राहिलेला सरकीचा चोथा तो, पण वास खमंग, आणि बोंड्या घमेलं चाटूनपुसून लख्ख करायचा. ढेपीनं बैल कसे टरारतात हे ती लहानपणापासून पाहत आली होती. जे बैलाच्या अंगी लागतं ते पिलाच्या लागणार नाही का? दिवाळीआधीपासून एक दिवस खंड पडला नव्हता.

"ढेप," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज सकायी."

भगवंतानं मान हलवली. "जुळलं. सरकीत एक विष असतं. बैलाच्या मोठ्या पोटात ते बांधलं जातं, त्याला बाधत नाही. डुकरं, कुत्री यांना ते साचत साचत काळजाला धरतं. अकोल्याला आम्ही वाचलंय यावर." मग त्याला बायकोचा चेहरा दिसला असावा, कारण आवाज उतरला. "तुला काय माहीत असणार?"

हे त्यानं सांत्वनासाठी म्हटलं. पण वच्छलाच्या कानात आधीचंच वाजत राहिलं, साचत साचत. म्हणजे तो रोज सकाळी शेपूट हलवत तिच्याकडे यायचा, आणि ती रोज दोन मुठी घालायची.

त्याच दुपारी ती विहिरीवर गेली. ज्या तोंडानं नाव घेतलं त्याच तोंडानं परत घ्यायचं, आणि चारचौघीतच घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. "माणिकबाईनं काई केलं नाई," ती म्हणाली. "मीच ढेप चारली. ढेपीनं मेला तो."

मग एकीनं दोर ओढता ओढता विचारलं, "मंग आमची बैलं काहून जिती हायेत?"

भगवंत मागून येत होता, त्यानं बैलाच्या पोटाचे चार कप्पे समजावून सांगितले. बायांनी पदराआड हसून घेतलं. एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा, बैलाचं पोट शिकायले नागपूरले गेलता काय रे तू? गोठ्यातच शिकला असता."

वऱ्हाडात सरकीला विष म्हणणं म्हणजे पाण्याला विष म्हणण्यासारखं होतं. घरोघरी तीच, गव्हाणीगव्हाणीत तीच. कुचला मात्र सगळ्यांना लगेच पटला होता. आणि वच्छला आता उलटं बोलते आहे, याचाही अर्थ गावानं आपला आपण लावला. माणिकबाईनं हिला धमकावलं असणार.

गोदाबाईनं घरी वेगळंच धरलं. "म्हणजे दिवाळीपासून तू बैलाच्या तोंडचं काढून कुत्र्याले घालत होती? माह्या डोयादेखत?" कुत्रं कशानं मेलं हा प्रश्न तिच्यासाठी तिथंच संपला.

अकोल्याला परतण्याआधी भगवंत वईशी उभा राहून माणिकबाईला म्हणाला, "पटवायचं असेल तर एकच उपाय. एक पिलू आणायचं, गावासमोर रोज ढेप घालायची. महिना-दीड महिन्यात आपोआप दिसेल."

त्यानं ते बोलायचं म्हणून बोलून टाकलं होतं. माणिकबाईनं खरं केलं. दोन दिवसांनी ती रिकाम्या टोपल्यात एक काळं पिलू घेऊन आली आणि वच्छलाच्या अंगणात ठेवलं. "घे. कापसाच्या जिनिंगमागच्या कुत्रीचं हाये. तुयाच हातानं चार, सगळ्यायले दिसू दे."

"मावशी, हे मरन."

"मरू दे. भाजी सडून राहिली माही. सहदेव गावात कोणाच्या दारी उभा राहत नाई लाजेनं. तुयं कुत्रं मेलं तवा तुले रडू आलं, मले समजलं. आता मायासाठी एक मरू दे."

वच्छलानं पिलू उचलून गोठ्याकडे नेलं.

गावाला मौज मिळाली. सकाळी बाया आपसूक गोठ्यावरून जायच्या. वच्छला सगळ्यांसमोर पिलापुढे ढेपीचं घमेलं ठेवायची. पिलू शेपटीसकट हलत तोंड घालायचं. बाया पुढं गेल्या, की ती घमेलं ओढून घ्यायची, ढेप बैलांपुढे ओतायची आणि ओच्यातली भाकर काढायची. ती तिच्याच वाट्याची असे, त्यामुळे टोपलीतला हिशेब चुकत नव्हता. पहिल्या दिवशी तिनं स्वतःला सांगितलं, आजचा दिवस. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी काही सांगायची गरज उरली नाही.

पिलू वाढलं. अंगावर तकाकी आली. महिना उलटला तरी ते कोंबड्यांमागे गावभर उधळत होतं.

"ढेप खाऊन कसं टुणटुणीत झालं पाय," बाया म्हणू लागल्या. "आता बोल म्हणा त्या नागपूरवाल्याले."

आतापर्यंत गावात संशय होता. आता पुरावा झाला. डोळ्यांसमोर ठेवलेला, उड्या मारणारा पुरावा. कोणीतरी माणिकबाईच्या वाफ्यावर रात्री निखाऱ्यांसकट राख टाकून गेलं.

भगवंत आला तेव्हा त्या पिलाला पाहून गोंधळला. त्याला उचललं, छातीला कान लावला, हिरड्या पाहिल्या. मग खाली ठेवत हळूच म्हणाला, "काहीच नाही. म्हणजे माझंच चुकलं का? कदाचित वेगळा कुठला कुचला..."

"तुमचं नाई चुकलं," वच्छला म्हणाली. "मी त्याले भाकर घालून राहिली. पहिल्या दिवसापासून."

त्यानं पिलाकडे पुन्हा वाकून पाहिलं. "सांगायचं तरी. इतके दिवस फुकट गेले." मग हात झटकत, "आता पुन्हा सुरू केलं तरी कोण बघायला येईल?"

तो चुकला नव्हता याचा दिलासा त्याच्या आवाजात स्पष्ट होता. वच्छलाला तो ऐकू आला, आणि ती तशीच उठून वईच्या पलीकडे गेली. पहिल्यांदाच वळसा न घालता, काटे ओलांडून.

माणिकबाईच्या दाराशी बैलगाडी जुंपलेली होती. सहदेव खाट बांधत होता. मोर्शीकडे तिच्या भावाच्या ओळखीचा संत्र्याचा बगीचा होता, तिथं मजुरीचं काम मिळालं होतं. स्वतःचं वावर सोडून दुसऱ्याच्या झाडाला पाणी घालायला ती दोघं निघाली होती.

वच्छलानं सगळं सांगितलं. एका दमात, मान खाली घालून.

"माहीत हाये," माणिकबाई म्हणाली. "वईतून दिसते मले. भाकरीचा रंग ढेपीसारखा नसते."

"मग बोलली काहून नाई तू?"

"कोणाले? मी बोलली असती त म्हणले असते, पाय, पिलू मरत नाई म्हणून ही रडते." तिनं पाट्याचा वरवंटा फडक्यात गुंडाळला आणि गाडीत ठेवला. "एका कुत्र्यासाठी तू माह्यं नाव घेतलं. दुसऱ्या कुत्र्यासाठी मले सोडून देलं. तिसरं आणशीन तवा शेजारी कोणी राहणार नाई, बरं हाये."

"मावशी, मी पुन्हा जातो विहिरीवर. सांगतो सगळ्यायले."

"जा," माणिकबाई म्हणाली. "पण आमी गावाबाहेर निघाल्यावर जा. मले ऐकायचं नाई."

सहदेवानं बैलांना हाक दिली. गाडी हलली. वच्छला बाजूला सरकली नाही, म्हणून चाक तिच्या पायाजवळून गेलं. ती गाडी वळणाआड जाईपर्यंत थांबली. मग विहिरीकडे निघाली. तिथं त्या वेळी पाणी भरायला कोणीही नव्हतं, तरीही ती कठड्यावर बसून राहिली, बाया येईपर्यंत.