वाट्याच्या सिगारेटी

मांडव्याला मुंबईच्या बोटीत चढण्याआधी चांगदेव थांबले, कठडा धरला आणि समुद्र पाहत असल्यासारखं केलं. प्रणालीने हातातली पिशवी उगाच खाली ठेवली, पुन्हा उचलली. बाबांना दम लागला की ती असंच काहीतरी करायची, म्हणजे मागच्या लोकांना वाटायचं की खोळंबा तिच्यामुळे झाला.

"ओ हवालदार, समुद्र काय नवीन हाय का?" मागून सदा ओरडला. "पुढं सरका."

सदा आगरदांड्याचा. दोघं एकाच पलटणीतले आणि बर्फातल्या एकाच बंकरमध्ये राहिलेले. त्या ठाण्यावर रॉकेलची शेगडी दिवसरात्र पेटलेली असे. बुखारी म्हणत तिला. बाहेर वारा सुटला की धुराडं धूर परत आत ढकलायचं, आणि दार उघडायची सोय नव्हती. सकाळी थुंकी काळी पडायची. चांगदेव निवृत्त होऊन थळला आले ते खोकला घेऊनच. मग दम लागायला लागला. आता फुप्फुसं अर्धीही चालत नव्हती. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी केलेला अर्ज पहिल्या फेरीतच नाकारला गेला. आजार धूम्रपानामुळे, सेवेमुळे नाही, एवढंच कारण दिलं होतं. आज मुंबईच्या लष्करी इस्पितळात त्यावरच्या अपिलाची तपासणी होती.

चांगदेवांनी आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती.

घेतल्या मात्र होत्या. ठाण्यावर शिध्याबरोबर सिगारेटी मिळत आणि न ओढणारेही आपला वाटा सोडत नसत, कारण तिथे सिगारेट देऊन काहीही मिळायचं. चांगदेव आपल्या सिगारेटी सदाला द्यायचे, सदा त्यांना गोड घट्ट दुधाचे डबे द्यायचा. सुट्टीत ते डबे घरी यायचे. प्रणाली तेव्हा रांगत होती. वर्षाच्या तपासणीत डॉक्टर विचारायचे, सिगारेट पितोस? नाही म्हटलं तर वाटा बंद होईल, म्हणून चांगदेव सांगायचे, "हो साहेब, रोज दहा." रांगेतला मागचाही तेच सांगायचा.

"मी येतो ना आत," बोटीत बसल्यावर सदा म्हणाला. "माझी छाती तपासा म्हणावं. माझ्या वाट्याच्या ओढल्या, ह्याच्या पण ओढल्या. बघा, काय झालंय का मला!"

"काका, ते साक्षीदाराचं ऐकत नाहीत."

"मग मला आणलंस कशाला?"

"तुम्हीच आलात."

"व्हय, ते पण हाय."

चांगदेव हसले. हसण्याचा खोकला झाला.

प्रणाली अलिबागला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करत होती. महिनाभर तिने त्यांची तयारी करून घेतली होती. 'ठीक आहे' म्हणायचं नाही. जिना चढवत नाही, तर तसंच सांगायचं. सिगारेटचं विचारलं तर, कधी ओढली नाही, वाट्यासाठी हो म्हणालो. चांगदेव कवायतीचा हुकूम घोकावा तसं ते घोकत होते.

इस्पितळात आधी नळीत फुंकायला लावलं. चेहरा जांभळा होईपर्यंत ते फुंकत राहिले. मग आतल्या खोलीत बोलावलं. टेबलामागे तिघे अधिकारी होते. मधले कर्नल मराठी होते, शांत बोलणारे. त्यांनी प्रणालीला भिंतीजवळ खुर्ची दिली. चांगदेवांनी टाचा जुळवल्या आणि बसा म्हटल्यावरच बसले.

बंकर, बुखारी, खोकला, सगळं त्यांनी नीट सांगितलं. कर्नलनी मध्ये तोडलं नाही.

"पण हवालदार," शेवटी ते म्हणाले, "दर वर्षी तुम्हीच सांगितलंय, रोज दहा सिगारेटी."

"वाट्यासाठी, सर. सगळेच सांगायचे."

"सगळ्यांचं राहू द्या. वैद्यकीय अधिकाऱ्याने तुम्हाला विचारलं आणि तुम्ही त्याला खोटं सांगितलंत?"

आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

प्रणालीला तेव्हा कळलं. हो म्हटलं, तर हा माणूस खोटं सांगतो असं होणार, आणि बुखारीच्या धुराला याच माणसाच्या शब्दाशिवाय पुरावा नव्हता. नाही म्हटलं, तर दहा सिगारेटी. महिनाभर तयारी करून घेताना हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

चांगदेवांच्या छातीतली शिट्टी खोलीत ऐकू येत होती.

"न्हाय सर," ते म्हणाले. "खोटं न्हाय सांगितलं."

"म्हणजे ओढत होता."

"बाबा..."

"ओढत होतो, सर." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

कर्नलनी मान हलवली. मग प्रणालीला म्हणाले, "धूर आणि थंडीपासून जपा यांना." ते मनापासून म्हणाले.

बाहेर सदा बाकावरून उठला. "काय झालं?"

"ओढत होतो म्हणून सांगितलं," चांगदेव म्हणाले.

"कोण?"

"मी."

"आईच्यान, चांग्या! काडी तरी पेटवता येते का तुला?"

सदा आतल्या खोलीच्या दाराकडे निघाला तशी चांगदेवांनी त्याची बाही धरली.

"गप बस. एवढी वर्षं नोकरी केली, एक साहेब मला खोटारडा म्हणाला न्हाय. आता म्हणवून घेऊ?"

"मग धुराचं काय?"

"धुराचं कोण विचारतोय."

निकाल पावसाळ्यानंतर आला. मागच्या वेळचीच ओळ होती. थंडी पडायला लागली तसा चांगदेवांना घरात ऑक्सिजन लावावा लागला, आणि त्यांना अलिबागला नव्या डॉक्टरकडे न्यावं लागलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, भरभर विचारत होती. धूम्रपान?

"नाही," प्रणाली म्हणाली. "ते लष्करात होते, तिथे..."

चांगदेवांनी नाकावरचा मास्क बाजूला केला. "दहा. रोज."

"तरीच," डॉक्टर म्हणाली. "आजोबा, वेळेत सोडायला हवी होती."

"हो. चुकलं."

प्रणालीने मास्क पुन्हा बसवला, पट्टा कानामागे नीट केला. ती बोलली असती तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तेवढा श्वास त्यांच्याकडे नव्हता.